९८३ नॅनोमीटरचा घोळ: कॉन्जुगेशनच्या प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

विषय एकदाचा ठरला. जर्मन शास्त्रज्ञ हुकेलच्या पद्धतीने रेणूंच्या पाय इलेक्ट्रॉनांच्या (दुहेरी बंधातल्या दुसऱ्या, सैल जोडीच्या) ऊर्जा काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा, त्यातून कुठला रेणू कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषेल याचा अंदाज बांधायचा आणि जमतील तेवढे अंदाज स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर, पडताळायचे. जोडीदार म्हणाला, पंधरा दिवसांचं काम. मी वहीत दीड महिना लिहिला.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत खोडा घातला. "कॉन्जुगेशन आणि डिलोकलायझेशन यांतला फरक एका वाक्यात सांग बघू." मी म्हटलं, एकच तर आहे. एकेरी-दुहेरी बंध आळीपाळीने आले की इलेक्ट्रॉन पसरतात. त्या म्हणाल्या, "पसरतात म्हणजे किती?" यावर आम्ही दोघंही गप्प. प्रकल्प संपेपर्यंत उत्तर आण, असं सांगून त्यांनी चहाचा कप उचलला. म्हणजे भेट संपली.

५ जून

हुकेलने १९३१ मध्ये जी काटछाट केली ती धाडसाची आहे. सिग्मा बंध, म्हणजे अणूंना जोडणारा मूळ सांगाडा, विसरा. इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण विसरा. प्रत्येक कार्बनच्या पी ऑर्बिटलची (पाय इलेक्ट्रॉन जिथे राहतो त्या जागेची) ऊर्जा अल्फा, शेजारच्या दोन कार्बनांमधला व्यवहार बीटा, लांबच्यांचा शून्य. उरते ती फक्त कोण कोणाला जोडलेला आहे याची यादी. तीच मॅट्रिक्स. प्रोग्रॅम चाळीस ओळींत झाला.

अल्फापासून मोजलेल्या पातळ्या: इथीनला अधिक-उणे १ बीटा. ब्युटाडायीनला १.६१८ आणि ०.६१८, तेही अधिक-उणे. हे आकडे ओळखीचे वाटले म्हणून थबकले, तर सुवर्ण गुणोत्तर. चार कार्बनांच्या साखळीत ते बसलेलं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ब्युटाडायीनचे चार इलेक्ट्रॉन खालच्या दोन पातळ्यांत बसवले की बेरीज ४.४७२ बीटा. दोन सुट्या इथीनची ४. म्हणजे पसरल्याची कमाई ०.४७२.

बेंझीनला सहा इलेक्ट्रॉनांची बेरीज ८ बीटा, तीन सुट्या बंधांची ६, कमाई २. तेच सहा कार्बन सरळ साखळीत ठेवले, म्हणजे हेक्साट्रायीन, तर बेरीज ६.९८८. वर्तुळ बंद करण्याचीच बक्षिसी जवळजवळ १ बीटा.

मग सायक्लोब्युटाडायीन टाकलं आणि कमाई शून्य आली. मी दोन तास प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले. चूक नव्हती. चौकोनात पातळ्या २, ०, ०, उणे २ अशा येतात. पहिले दोन इलेक्ट्रॉन खाली बसतात, उरलेले दोघे मधल्या दोन पातळ्यांवर काहीही न मिळवता लटकतात. कागदावर काढलं तर यातही दुहेरी-एकेरी-दुहेरी-एकेरी असं अगदी शिस्तीत कॉन्जुगेशन आहे, पण डिलोकलायझेशनची मिळकत शून्य. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर निम्मं इथेच सापडायला हवं होतं. मी मात्र 'विशेष प्रकरण' असं लिहून पुढे गेले.

६ जून

प्रोग्रॅममध्ये कूलसनची बाँड ऑर्डर घातली, म्हणजे दोन कार्बनांमधला पाय बंध किती पक्का आहे याचा आकडा, इथीनला १. ब्युटाडायीनच्या टोकाच्या बंधांना ०.८९४, मधल्याला ०.४४७. बेंझीनला सगळीकडे ०.६६७.

बंधलांब्या शेजारी मांडल्या. इथेन १५४ पिकोमीटर, इथीन १३४, बेंझीन सुमारे १४०, ब्युटाडायीनचा मधला बंध सुमारे १४७. जोडीदार खूश झाला: बघ, एकेरी बंध सात पिकोमीटरने आखडला, म्हणजे इलेक्ट्रॉन पसरले. त्याला थांबवावं लागलं. मधल्या बंधाच्या दोन्ही बाजूंचे कार्बन एसपी-२ (तीनच अणूंना जोडलेले, एक पी ऑर्बिटल पाय बंधासाठी राखलेले) आहेत, आणि एसपी-२ कार्बनांमधला एकेरी बंध मुळातच आखूड असतो. सगळं श्रेय पाय इलेक्ट्रॉनांना द्यायचं नाही.

११ जून

आज उष्णतेचे आकडे. सायक्लोहेक्झीनला हायड्रोजन जोडताना मोलला १२० किलोज्यूल बाहेर पडतात. बेंझीनमध्ये तसे तीन बंध असते तर ३६० पडायला हवेत. पडतात २०८. फरक १५२. किस्टियाकोव्स्कीच्या गटाने १९३०च्या दशकात ही मापं इतकी काळजीपूर्वक घेतली की आजही पुस्तकात तीच छापतात.

१५२ म्हणजे २ बीटा, तर बीटा ७६ किलोज्यूल. ब्युटाडायीनचा हिशेब: ब्युटीनचे १२७, दुप्पट २५४, प्रत्यक्षात २३९. फरक फक्त १५. भागिले ०.४७२, तर बीटा ३२. एकाच बीटाच्या दोन किमती, एक दुसरीच्या दुपटीहून जास्त. 'संदर्भ रेणू वेगळे असल्यामुळे' असं लिहून ठेवलंय. खोटं नाही, पण समाधानही नाही.

१४ जून

रंगाचा पहिला अंदाज. पद्धत सोपी: भरलेल्या सर्वांत वरच्या पातळीपासून रिकाम्या सर्वांत खालच्या पातळीपर्यंतचा गॅप काढायचा. ब्युटाडायीनचा गॅप १.२३६ बीटा. ते २१७ नॅनोमीटरला शोषतं, म्हणजे ५.७१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणून बीटा ४.६२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. (हेच ७६ किलोज्यूल म्हणजे ०.७९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होतात. उष्णतेचा बीटा आणि रंगाचा बीटा एकमेकांना ओळखही देत नाहीत.)

हेक्साट्रायीन: अंदाज ३०१, खरं माप २५८. चुकलं, पण दिशा बरोबर.

मग उत्साहाने बीटा-कॅरोटीन, गाजरातलं रंगद्रव्य. ओळीत अकरा दुहेरी बंध, बावीस कार्बनांची साखळी, गॅप ०.२७३ बीटा. उत्तर: ९८३ नॅनोमीटर.

बीटा-कॅरोटीन नारिंगी असतं. ते निळा प्रकाश शोषतं, ४५० नॅनोमीटरच्या आसपास. प्रोग्रॅमच्या मते ते इन्फ्रारेडमध्ये शोषतं.

१५ जून

मॅट्रिक्स हाताने तपासली. बावीस बाय बावीस. जोडण्या बरोबर, एककं बरोबर. सरळ साखळीचं सूत्रही लावून पाहिलं: ४ गुणिले साइन, कोन ९० भागिले २३ अंश. पुन्हा ०.२७३. घोळ मॉडेलचाच आहे.

१९ जून

वाद घालण्यापूर्वी स्वतः मोजलेलं बरं, म्हणून बीटा-कॅरोटीनचं द्रावण केलं. ५ मिलिग्रॅम, हेक्सेनमध्ये १०० मिलिलिटर. विरघळायला वेळ खातं. तळाशी लालसर कण बराच वेळ भिरभिरत राहतात आणि आपण उगाच फ्लास्क हलवत बसतो. मग वीसपट पातळ केलं. याची मोलर शोषकता (ठरावीक तीव्रतेचं द्रावण किती प्रकाश शोषतं याचं माप) सुमारे १ लाख ४० हजार आहे, त्यामुळे डोळ्याला फिकट पिवळं दिसणारं द्रावणसुद्धा यंत्राला भरपूर. काचेचा क्युव्हेट (यंत्रात ठेवायची द्रावणाची कुपी) चालला, दृश्य पट्ट्यात काच अडवत नाही. ब्युटाडायीनच्या भागात जायचं तर क्वार्ट्झ लागला असता. इथीनच्या १६५ ला तर हवेतला ऑक्सिजनच मध्ये येतो, म्हणून ते आकडे पुस्तकातूनच घेतले.

शिखर ४५०, उजवीकडे दुसरं ४७७ ला, डावीकडे खांदा. ४५० ला शोषण ०.६४.

चूक माझी: फ्लास्क झाकून, पण उघड्या टेबलावर उजेडात ठेवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी तेच द्रावण ०.४१. रंग डोळ्याला कळण्याइतका उतरला होता. उजेड आणि ऑक्सिजन मिळून साखळी मध्येच तोडतात. अकरा बंधांची साखळी पाच-सहा बंधांच्या तुकड्यांत मोडली की शोषण अतिनीलात सरकतं आणि रंग गेला. 'रंग उडणे' या शब्दाचा अर्थ इतक्या जवळून आधी पाहिला नव्हता. जोडीदार म्हणाला, हेही कॉन्जुगेशनचंच प्रात्यक्षिक, अहवालात घाल. घातलं. नवं द्रावण गडद बाटलीत, फ्रिजमध्ये.

२३ जून

एक आलेख काढला. आडव्या अक्षावर हुकेलचा गॅप, उभ्यावर मोजलेली ऊर्जा. इथीन, ब्युटाडायीन, हेक्साट्रायीन, बीटा-कॅरोटीन. चार ठिपके साधारण एका रेषेत येतात, पण ती रेषा शून्यातून जात नाही. डावीकडे वाढवली तर उभ्या अक्षाला २.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास छेदते. म्हणजे साखळी अनंत लांब केली तरी गॅप शिल्लक राहणार. हुकेलच्या हिशेबात तो शून्य व्हायला हवा.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, तू बावीस कार्बनांमध्ये एकवीस सारखे बंध धरलेस. रेणूला विचारलंस का?"

हे लागलं. मी कॉन्जुगेशन म्हणजे संपूर्ण, समसमान डिलोकलायझेशन असं धरूनच चालले होते. बेंझीनमध्ये ते खरं आहे. लांब पॉलीईनमध्ये, म्हणजे आळीपाळीच्या दुहेरी बंधांच्या साखळीत, बंध समान नसतात, एक आखूड, एक लांब, असेच राहतात. आणि ते चुकून तसे राहत नाहीत. सगळे बंध समान असलेली लांब साखळी घेतली तर भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्या एकमेकींना जवळजवळ चिकटतात. अशा वेळी बंध थोडेसे आळीपाळीने आखूड-लांब केले की भरलेल्या पातळ्या खाली जातात, रिकाम्या वर, आणि रेणूला फायदा होतो. लाँगेट-हिगिन्स आणि सेलम यांनी १९५९ मध्ये हेच गणिताने दाखवलं: लांब साखळीत समान बंध टिकूच शकत नाहीत, आणि वर्तुळ पुरेसं मोठं केलं तर तिथेही. बेंझीनसारख्या लहान वर्तुळात गॅप मुळातच मोठा आहे, त्यामुळे ही लालूच तिथे नाही.

सायक्लोब्युटाडायीनचे लटकणारे दोन इलेक्ट्रॉन आज पुन्हा आठवले. तो रेणूही चौरस राहत नाही, आयत होतो. ५ तारखेला मी ज्याला विशेष प्रकरण म्हटलं, ते त्याच गोष्टीचं लहान रूप होतं.

२४ जून

प्रोग्रॅममध्ये दोन बीटा केले. दुहेरी बंधाचा मोठा, एकेरीचा लहान. ब्युटाडायीनचे २१७ आणि बीटा-कॅरोटीनचे ४५० या दोनच आकड्यांवर बसवले. मोठा बीटा ४.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, लहान २.९२. गुणोत्तर ०.७२.

आता बीटा-कॅरोटीन ४५३. ते तर येणारच, त्यावरच बसवलंय. पण हेक्साट्रायीन, जे बसवण्यात नव्हतं, ते ३०१ वरून २६९ वर आलं. माप २५८. मी खुर्चीवरून उठून एक चक्कर मारून आले.

परत येऊन दुसरी तपासणी. बंध लांबला की बीटा घातांकी वेगाने घटतो, आणि लाँगेट-हिगिन्स आणि सेलम यांनी घटीची लांबी ३१ पिकोमीटर धरली होती. दुहेरी बंध १३५ आणि एकेरी १४५ धरला तर गुणोत्तर उणे १०/३१ चा घातांक, म्हणजे ०.७२४. माझं गुणोत्तर रंगातून आलेलं, हे बंधलांबीतून आलेलं. इतकं जुळल्यावर संशय यायला हवा होता. आला नाही.

२८ जून

लायकोपीन.

टोमॅटोच्या या लाल रंगद्रव्यातही ओळीत अकराच दुहेरी बंध. एकूण तेरा, पण दोन टोकाचे सुटे. प्रोग्रॅमला त्यात आणि बीटा-कॅरोटीनमध्ये काडीचा फरक दिसत नाही, दोघांनाही ४५३. पण हेक्सेनमध्ये लायकोपीनचं मधलं शिखर ४७१-४७२ ला येतं. एक लाल, एक नारिंगी. यंत्राची गरजच नाही, दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तरी कळतं.

०.७२४ चा आनंद चार दिवस टिकला.

कारण रचनेत आहे. बीटा-कॅरोटीनच्या दोन्ही टोकांना सहा कार्बनांचं कडं, आणि अकरांपैकी दोन दुहेरी बंध त्या कड्यांच्या आत. कड्यावरचे मिथिल गट साखळीच्या हायड्रोजनांना धडकतात, म्हणून कडं साखळीच्या प्रतलातून वळतं, चाळीस-पन्नास अंशांच्या घरात. पी ऑर्बिटल एकमेकांना समांतर असतील तरच पुरता व्यवहार होतो. वळली की बीटाला कोनाच्या कोसाइनने गुणायचं. ४५ अंशांना ०.७१. नव्वद अंशांना शून्य, म्हणजे कागदावर कॉन्जुगेशन शाबूत आणि प्रत्यक्षात तुटलेलं.

मॅडमच्या वाक्यासाठी शब्द मिळतायत असं वाटतंय. अजून लिहीत नाही.

२ जुलै

सपाट रेणू लायकोपीन, म्हणून आता त्यावर बसवलं. गुणोत्तर ०.७४, मोठा बीटा ४.१०. मग बीटा-कॅरोटीनच्या दोन्ही टोकांच्या वळलेल्या बंधांना कोसाइन ४५ लावला, बाकी काहीही न हलवता. ४७२ वरून ४५८.

माप ४५०. बावीस हवे होते, चौदा मिळाले. तरी मला हा निकाल २४ तारखेच्या निकालापेक्षा जास्त आवडला, कारण यात चुकायला जागा होती.

हेक्साट्रायीन मात्र २६९ वरून २७१ वर गेलं. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं.

३ जुलै

अनंत साखळी: नव्या आकड्यांनी गॅप २.१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पॉलीअॅसिटिलीनचा, म्हणजे अशाच अतिलांब साखळीच्या पॉलिमरचा, खरा गॅप सुमारे १.५. जास्त आला, पण निदान शून्य नाही. बंध समान असते तर हे पॉलिमर नुसतंच धातूसारखं वाहक झालं असतं. प्रत्यक्षात ते अर्धवाहक आहे. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडिआर्मिड आणि हीगर यांनी त्याला आयोडीनसारख्या हॅलोजनची वाफ देऊन साखळीतले काही इलेक्ट्रॉन काढून घेतले आणि त्याची वाहकता कोटीच्या घरात पटींनी वाढवली. २००० चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामाला. वाहकतेसाठी नुसतं कॉन्जुगेशन पुरत नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं.

७ जुलै

पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवण्यासाठी फिनॉल्फ्थॅलीन. साधं आहे, पण याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही मला माहीत नाही.

आम्लात रेणू मिटलेला. तीन बेंझीन कडी एकाच मधल्या कार्बनला जोडलेली, आणि तो कार्बन एसपी-३. त्याच्यापाशी पी ऑर्बिटलच शिल्लक नाही. तीन खोल्या, मधलं दार बंद. प्रत्येक कडं आपापल्यापुरतं अतिनीलात शोषतं, द्रावण पाण्यासारखं. अल्कलीचे थेंब पडू लागले की मधलं लॅक्टोन कडं उघडतं, तो कार्बन एसपी-२ होतो, कडी एकमेकांशी बोलू लागतात. शोषण ५५० च्या पलीकडे, द्रावण गुलाबी.

मुलं इथपर्यंत ऐकून कंटाळली होती, हे सगळं त्यांना पाठ. मग मी तेच गुलाबी द्रावण तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ओतलं. रंग हळूहळू उतरत गेला, काही मिनिटांत पुन्हा पाण्यासारखं. मागच्या बाकावरून, "मॅडम, बिघडलं." बिघडलं नव्हतं. हायड्रॉक्साइड त्याच मधल्या कार्बनला येऊन चिकटला, तो परत एसपी-३ झाला, दार परत बंद. रंग एका कार्बनच्या मर्जीवर चालतो हे त्यांना तेव्हा पटलं. (मला मॅडम म्हटलेलं ऐकून जोडीदार दिवसभर हसत होता.)

१० जुलै

सायनाइन रंगद्रव्यं. पॉलीईनच्या बरोबर उलट बाजू बघायची होती. साखळीच्या दोन्ही टोकांना नायट्रोजन, एकावर धन प्रभार. प्रभार डावीकडे ठेवून चित्र काढा किंवा उजवीकडे, दोन्ही चित्रं एकाच तोलाची. म्हणून एकेरी कोणता आणि दुहेरी कोणता हे ठरतच नाही, साखळीभर बंध जवळपास समान.

तीन भावंडं मेथॅनॉलमध्ये मोजली, प्रत्येक पुढच्या साखळीत एक दुहेरी बंध जास्त. ५२३, ६०५, ७०७. द्रावणं अनुक्रमे तांबडं, निळं, आणि तिसरं फिकट निळसर-हिरवं, कारण त्याचं शिखर डोळ्याच्या टोकाशी गेलेलं. पातळ ठेवली, दाट केली तर रेणू एकावर एक रचले जाऊन शिखराचा आकारच बदलतो.

उडी पाहा: ८२, मग १०२. कमी होत नाही. पॉलीईनमध्ये ब्युटाडायीनवरून हेक्साट्रायीनवर ४१ नॅनोमीटर, आणि हेक्साट्रायीनवरून लायकोपीनपर्यंत आठ बंधांना मिळून २१४, म्हणजे बंधामागे जेमतेम २७. सुरुवातीला ऐट, मग दम लागतो. सायनाइनला दम लागत नाही.

रसायनशास्त्रज्ञ हान्स कून यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी हेच ओळखलं होतं. सायनाइनचे इलेक्ट्रॉन म्हणजे पेटीत मोकळे फिरणारे कण, पॉलीईनमध्ये मात्र पेटीच्या तळाला खाचा पाडाव्या लागतात. कूनची पेटी मीही लावून पाहिली. टोकाच्या कड्यांसाठी पेटीची लांबी मधल्या रंगद्रव्यावर जुळवून घेतली, तर इतर दोघांना ४७८ आणि ७३२ येतात. मापं ५२३ आणि ७०७. दोन्ही चुकीचे, पण ९८३ सारखी थट्टा नाही.

आज मॅडमना वाक्य दिलं: कॉन्जुगेशन म्हणजे पी ऑर्बिटलांची सलग रांग, ती कागदावर दिसते, डिलोकलायझेशन म्हणजे त्या रांगेत इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष किती मोकळे आहेत, ते बंधलांबी, कोन आणि प्रभार ठरवतात, आणि ते मोजावं लागतं. त्यांनी वाचलं. "एका वाक्यात म्हटलं होतं, स्वल्पविराम मोजत नाही वाटतं?" मग म्हणाल्या, आता अॅझुलीन करून बघ.

१५ जुलै

अॅझुलीन. नॅफ्थलीनचाच समघटक, दहा कार्बन, आठ हायड्रोजन. नॅफ्थलीनमध्ये सहा-सहाची दोन कडी, यात पाच आणि सातची. नॅफ्थलीन पांढरं, हे गडद निळं. कुपी उघडली तेव्हा शाईचे कण सांडल्यासारखे स्फटिक.

आधी प्रोग्रॅम. नॅफ्थलीनचा गॅप १.२३६ बीटा, अगदी ब्युटाडायीनचाच आकडा. अॅझुलीनचा ०.८७७. परिघावरचे बंध जवळपास समान, म्हणून बंध आळीपाळीचे करण्याची युक्ती इथे लावण्यात अर्थ नाही. एकाच बीटाने, १४ जूनच्या ४.६२ ने, उत्तर ३०६ नॅनोमीटर. म्हणजे रंगहीन.

द्रावण कॅरोटीनइतकंच पातळ केलं आणि यंत्रावर दृश्य पट्ट्यात सपाट रेषा आली. क्षणभर वाटलं प्रोग्रॅम बरोबर आणि कुपी खोटं बोलतेय. मग लक्षात आलं, हे शोषण फार अशक्त आहे, मोलर शोषकता तीनशेच्या आसपास, कॅरोटीनच्या शेकडो पटींनी कमी. १० मिलिलिटरमध्ये १.३ मिलिग्रॅम घेऊन पुन्हा केलं. आता ५०० पासून ७०० पर्यंत दात्यांची रांग, सर्वांत उंच ५८० च्या आसपास.

१६ जुलै

कॅरोटीन प्रोग्रॅमने खऱ्यापेक्षा लाल सांगितलं होतं. अॅझुलीन खऱ्यापेक्षा कितीतरी अतिनील सांगितलं. एकच बीटा दोन्ही दिशांना चुकतो, त्यामुळे आकडा फिरवून सुटका नाही.

ऑर्बिटलांची चित्रं छापून टेबलावर शेजारी ठेवली. भरलेलं सर्वांत वरचं ऑर्बिटल १, ३, ५, ७ या विषम कार्बनांवर जाड. रिकामं सर्वांत खालचं २, ४, ६, ८ या सम कार्बनांवर. म्हणजे इलेक्ट्रॉन वर गेला की एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसतो. सोडून आलेल्या जोडीदाराशी त्याची टक्कर कमी होते, आणि उत्तेजित अवस्था अपेक्षेपेक्षा पुष्कळ खाली येते. दोन ऑर्बिटल एकमेकांवर फारशी पडत नाहीत, म्हणून शोषणही अशक्त. निळा रंग आणि फिकेपणा, दोन्हींचं कारण एकच. नॅफ्थलीनमध्ये दोन्ही ऑर्बिटल त्याच कार्बनांवर, म्हणून ही सवलत नाही.

आणि हे माझ्या प्रोग्रॅमला कळणं शक्यच नाही, कारण ५ जूनला मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण विसरा.

मॅडमना विचारलं, प्रतिकर्षण घालून प्रोग्रॅम पुन्हा लिहू का? म्हणाल्या, "मुदत बघितलीस? ३०६ तसाच छाप, आणि शेजारी तुझ्या क्युव्हेटचा फोटो लाव."

फोटो काढला. पांढऱ्या कागदासमोर, क्युव्हेट पुसून. जोडीदाराच्या बोटाचा ठसा राहिलाय एका कोपऱ्यात, निळ्यावर तो जास्तच दिसतो.